विश्लेषण : अफूच्या शेतातले पोपट खरेच ‘व्यसनी’ होतात का? प्राण्यांच्या वर्तनाबद्दल ओपिऑइड औषधे आणि त्यांचे उतारे काय सांगतात?

मध्य प्रदेशातील नीमच आणि मंदसौर जिल्ह्यांत फेब्रुवारी-मार्चमध्ये अफूच्या बोंडांना चिरे देण्याचे काम सुरू होते. त्याच सुमारास शेतकऱ्यांची एक तक्रारही येते. पोपटांचे थवे शेतात उतरतात, बोंडे कुरतडतात, काही तर देठासकट तोडून नेतात. २०१९ मध्ये ही बातमी जगभर गाजली आणि बहुतेक मथळ्यांत एकच शब्द होता : ‘व्यसनी पोपट’. शेतकऱ्यांसाठी ही गंमत नाही. अफूची शेती परवान्यावर चालते, ठरलेले उत्पादन सरकारकडे जमा करावे लागते आणि ते कमी भरले तर पुढच्या वर्षीचा परवाना धोक्यात येतो. म्हणून फटाके, थाळ्या, ढोल, जाळ्या असे सगळे उपाय करून झाले.

पण पोपट व्यसनी झाले आहेत हे कोणी, कसे ठरवले? पक्षी पुन्हा पुन्हा एकाच शेतात येतो एवढ्यावरून व्यसन सिद्ध होत असेल, तर ज्वारीच्या कणसावर येणारी चिमणीही व्यसनीच म्हणावी लागेल. अफूसारख्या पदार्थांचा प्राण्यांच्या वागण्यावर काय परिणाम होतो, यावर गेली सुमारे पन्नास वर्षे बारकाईने संशोधन झाले आहे. त्यातली सर्वात कामाची उत्तरे अफूपेक्षा तिचा परिणाम रोखणाऱ्या औषधांकडून मिळाली.

ओपिऑइड आणि त्यांचे ‘उतारे’ म्हणजे नेमके काय?

अफूच्या चिकातील मॉर्फिन, त्यापासून तयार होणारे हेरॉइन आणि कारखान्यात बनणारे फेंटॅनिल या सगळ्यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. मेंदूतील पेशींवर काही ठरावीक खाचा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. मॉर्फिनचा रेणू त्या खाचेत बसला की वेदना कमी होते, श्वास मंदावतो, आतडी सुस्तावतात आणि सुखद वाटते.

आता भिंतीवरचा विजेचा सॉकेट डोळ्यासमोर आणा. लहान मूल बोट घालेल म्हणून त्यात प्लास्टिकचे झाकण बसवतात. झाकण सॉकेटमध्ये नेमके बसते, पण त्यातून वीज वाहत नाही आणि ते असेपर्यंत दुसरा प्लगही लागत नाही. नॅलोक्सोन आणि नॅलट्रेक्सोन ही औषधे अशीच झाकणे आहेत. हेरॉइनचा अतिरेक होऊन श्वास थांबत आलेल्या माणसाला नॅलोक्सोन दिले की तो काही मिनिटांत शुद्धीवर येतो, तो यामुळेच.

या खाचा असल्याचा ठोस पुरावा १९७३ मध्ये मिळाला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी किरणोत्सारी खूण लावलेले नॅलोक्सोन वापरले आणि ते मेंदूच्या ऊतीला नेमके कोठे चिकटते हे दाखवले. पण मग प्रश्न उरला : निसर्गाने प्राण्याच्या डोक्यात अफूसाठी सॉकेट कशाला ठेवला असेल? उत्तर दोनच वर्षांत, १९७५ मध्ये, स्कॉटलंडमधील अॅबर्डीन येथून आले. जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी डुकरांच्या मेंदूतून एन्केफॅलिन हे रसायन वेगळे केले. शरीर स्वतःच अफूसारखे पदार्थ बनवते. एंडॉर्फिन त्याच घरातले. अफूचे झाड फक्त त्या सॉकेटमध्ये योगायोगाने बसणारा प्लग तयार करते.

इथून संशोधनाला वेगळी दिशा मिळाली. सर्किटमधला एखादा भाग काय काम करतो हे कळत नसेल, तर तो तेवढा बंद करून पाहायचा. प्राण्याला अफू न देता नुसते झाकण लावायचे आणि त्याचे वागणे कुठे बदलते ते बघायचे. बदल दिसला, तर त्या वागण्यामागे शरीराचे स्वतःचे ओपिऑइड आहेत असे समजायचे.

मग पोपटांचे काय?

शरीर ओपिऑइडला सरावले आहे की नाही, हे तपासण्याची पद्धत प्रयोगशाळेत केव्हाच रूढ झाली आहे. रोज मॉर्फिन मिळणाऱ्या उंदराला नॅलोक्सोन टोचले की काही मिनिटांत तो ओल्या कुत्र्यासारखे अंग झाडू लागतो, उड्या मारतो, दात वाजवतो, त्याला जुलाब होतात. कधीच मॉर्फिन न मिळालेल्या उंदरात असे काही दिसत नाही. नीमचच्या पोपटांबाबत ‘व्यसनी’ हा शब्द अशा चाचणीवरून आलेला नाही. तो शेताच्या बांधावरून पाहून लावलेला आहे.

पोपटांच्या येण्याचे साधे कारणही आहे. बोंडाच्या आत खसखस असते. ती तेलाने भरलेली, पौष्टिक आणि कोवळी असते आणि पोपट हा मुळात बिया फोडून खाणारा पक्षी. मॉर्फिन मुख्यतः बोंडाच्या सालीतील चिकात असते, बियांत जवळजवळ नसते. साल फोडताना चीक पोटात जाणारच. त्यामुळे काही पक्षी सुस्तावत असतील, हे शक्य आहे. पण सुस्ती वेगळी आणि व्यसन वेगळे.

आणखी एक गोष्ट. पोपटवर्गीय पक्ष्यांमध्ये ओपिऑइडचा परिणाम माणसासारखाच होईल, असे गृहीत धरता येत नाही. आफ्रिकन ग्रे पोपटांवरील चाचण्यांत ब्युटोर्फॅनॉल या ओपिऑइडने वेदना कमी झाल्याचे दिसले, तर सस्तन प्राण्यांत हमखास वापरल्या जाणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनचा तसा परिणाम दिसला नाही. ही दोन औषधे रिसेप्टरच्या वेगवेगळ्या प्रकारांवर जोर देतात. पक्ष्यांच्या डॉक्टरांनी पोपटासाठी ब्युटोर्फॅनॉलला पसंती दिली, ती याच कारणाने.

ऑस्ट्रेलियातील टास्मानियातही औषधनिर्मितीसाठी अफूची मोठी शेती आहे. तिथे कांगारूच्या जातीतले छोटे वॉलबी शेतात शिरतात, नशेत गोल गोल फिरतात आणि पिकात वर्तुळे उमटतात, असे २००९ मध्ये तिथल्या एका मंत्र्यांनीच सांगितले होते. ही गोष्टही जगभर फिरली. तिथेही हे झाले निरीक्षण, निदान नव्हे.

एकच औषध, पण प्राणी वेगळा तर परिणाम वेगळा?

मॉर्फिन म्हणजे गुंगी, हे समीकरण माणसापुरते आणि कुत्र्यापुरते ठीक आहे. मांजराला जास्त मात्रा दिली तर ते उलट बेचैन होते, नसलेल्या वस्तूंवर झडप घालते. घोडा जागेवर थांबत नाही, सतत चालत राहतो. उंदीर धावत सुटतो आणि त्याची शेपटी इंग्रजी ‘एस’सारखी पाठीवर ताठ उभी राहते. हा परिणाम इतका नेमका असतो की एकेकाळी औषधात मॉर्फिनसारखा गुण आहे का हे ओळखण्यासाठी उंदराची शेपटी पाहत. माणसाच्या आणि कुत्र्याच्या बाहुल्या आकसतात, मांजराच्या आणि घोड्याच्या मोठ्या होतात.

घोड्याच्या या वेगळेपणाचा फायदा शर्यतीच्या धंद्याने घेतला. गुंगीचे म्हणून ओळखले जाणारे औषध अगदी कमी मात्रेत दिले तर घोडा वेदना विसरून पळतो. २०१२ मध्ये अमेरिकेत अनेक शर्यतीच्या घोड्यांच्या नमुन्यांत डर्मॉर्फिन सापडले. दक्षिण अमेरिकेतील एका बेडकाच्या त्वचेत मिळणारे हे ओपिऑइड मॉर्फिनपेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी आहे. दुखावलेल्या पायावर घोडा पळत राहिला तर तो पाय मोडतो, हे वेगळे सांगायला नको.

आईपासून तुटलेले पिल्लू का रडते?

या विषयातला सर्वात मोलाचा भाग इथे आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील बोलिंग ग्रीन विद्यापीठात याक पँकसेप यांनी कुत्र्याची पिल्ले, गिनीपिग आणि कोंबडीची पिल्ले आईपासून किंवा भावंडांपासून थोडा वेळ वेगळी ठेवली. पिल्ले ओरडतात, हे कोणीही सांगेल. मॉर्फिनची मात्रा इतकी कमी ठेवली की पिल्लू झोपणार नाही. तरीही ओरडणे एकदम कमी झाले. काही प्रयोगांत नॅलोक्सोन दिल्यावर ते वाढले. पँकसेप यांनी निष्कर्ष काढला की विरहाची वेदना आणि शरीराची वेदना मेंदूत एकाच यंत्रणेवर चालतात. आई जवळ आली की पिल्लाच्या मेंदूत स्वतःचे ओपिऑइड पाझरतात आणि म्हणून ते शांत होते.

हे सगळे गुंगीमुळे तर नाही ना, हा आक्षेप रास्त होता. त्याचे चांगले उत्तर २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. मॉर्फिन ज्या रिसेप्टरवर काम करते त्याचे जनुकच काढून टाकलेली उंदराची पिल्ले आईपासून दूर केली, तर ती फारच कमी ओरडली. पण त्यांना थंडी लागली किंवा अनोळखी नराचा वास आला, तेव्हा ती इतर पिल्लांसारखीच ओरडली. म्हणजे घसा ठीक होता, भीती होती, थंडी कळत होती. हरवली होती ती आईची ओढ. ज्याला आईच्या जवळ असण्याचे सुखच कळत नाही, त्याला तिचे जाणे तरी का खुपावे?

गोड चवीचेही असेच आहे. १९८०च्या दशकात इलियट ब्लास यांच्या गटाने दाखवले की एकट्या पडलेल्या उंदराच्या पिल्लाच्या तोंडात साखरेचे पाणी सोडले की ते शांत होते आणि नॅलट्रेक्सोन आधीच दिले असेल तर साखर काही कामाची ठरत नाही. नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेताना आज अनेक रुग्णालयांत जिभेवर साखरेच्या द्रावणाचे थेंब सोडतात. त्या प्रथेला या संशोधनाचा मोठा आधार आहे.

माकडांत गुंता वाढतो. टालापॉइन या छोट्या आफ्रिकन माकडांवर केंब्रिजमध्ये झालेल्या कामातून दिसले की एकमेकांच्या अंगावरच्या उवा-कचरा काढत बसल्यावर त्यांच्या मेंदूभोवतीच्या द्रवात एंडॉर्फिन वाढते. रिसेप्टरवर झाकण लावले की माकडे दूर जात नाहीत. उलट इतरांकडे अंग पुढे करून जास्त आर्जव करतात. मिळणारे सुख कमी पडू लागते, म्हणून मागणी वाढते. पण ऱ्हीसस जातीच्या बाळंतिणींना नॅलोक्सोन दिले तेव्हा त्या पिल्लाची निगा कमी घेऊ लागल्या, त्याला पूर्वीसारखे धरून ठेवेनात, दुसऱ्या माद्यांना हात लावू देऊ लागल्या. एकाच झाकणाने मागणारा जास्त मागतो आणि देणारीचा हात मात्र सैल पडतो. ‘मायेचे रसायन’ असे सरसकट लेबल चिकटवणाऱ्या व्हिडिओंमध्ये हा फरक सहसा सापडत नाही.

मुंबईला हे सूत्र प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी माहीत होते, फार दुःखद रीतीने. गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळाला अफूची ‘बाळागोळी’ देऊन खोलीत ठेवून जात, याच्या नोंदी ब्रिटिशकालीन कामगार अहवालांत आहेत. पाळणाघर नव्हते, पाळी चुकवली तर मजुरी बुडत होती. बाळ नुसते झोपत नव्हते, आईची हाक मारायचीच थांबत होते. आणि न रडणारे बाळ भुकेले आहे की आजारी, हे कोणालाच कळत नव्हते.

पिंजऱ्याचा दोष की औषधाचा?

१९७०च्या दशकात पिंजऱ्यातल्या एकट्या उंदराला मॉर्फिन दिले की तो त्याच्या आहारी जातो, हे व्यसनाचे ठरलेले चित्र होते. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात ब्रूस अलेक्झांडर यांनी विचारले की यात मॉर्फिनचा वाटा किती आणि पिंजऱ्याचा किती? त्यांनी नेहमीच्या पिंजऱ्याच्या सुमारे २०० पट मोठी जागा तयार केली. तिथे सोबती होते, खेळायला डबे आणि चेंडू होते, पिल्ले होण्याची सोय होती. ‘रॅट पार्क’ या नावाने ते प्रयोग प्रसिद्ध आहेत. साखर घालून कडूपणा झाकलेले मॉर्फिनचे पाणी पिंजऱ्यातल्या उंदरांनी भरपूर प्यायले. पार्कमधल्यांनी बहुतेक वेळा टाळले.

यातली कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी : त्याच गोड पाण्यात मॉर्फिनचा परिणाम पुसून टाकणारे नॅलोक्सोन मिसळले, तेव्हा पार्कमधले उंदीर ते पिऊ लागले. म्हणजे त्यांना साखर हवी होती, नशा नको होती. हा सगळा प्रयोग नंतर इतरांनी करून पाहिला तेव्हा निकाल प्रत्येक वेळी तसाच आला नाही. उंदरांची जात बदलली की चित्र बदलते, असे दिसले. त्यामुळे ‘एकटेपणा गेला की व्यसन जाते’ असे व्हॉट्सअॅपवर फिरते तितके ते सरळ नाही. पण सोबत आणि जागा यांनी मॉर्फिनची ओढ बदलू शकते, एवढे त्यातून टिकले.

दावणीला बांधलेल्या जनावराचा चाळा कुठून येतो?

तबेल्यात तासन्‌तास उभे असलेले काही घोडे दावणीच्या लाकडात दात रोवतात, मान ताणतात आणि आवाज करून हवा गिळतात. पुन्हा पुन्हा, दिवसभर. दात झिजतात, पोटशूळाचा धोका वाढतो. मालक वैतागून गळ्याला घट्ट पट्टा आवळतात.

१९८७ मध्ये अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या निकोलस डॉडमन आणि सहकाऱ्यांनी अशा घोड्यांना ओपिऑइड रोखणारी औषधे दिली. चाळा थांबला किंवा अगदी कमी झाला. औषधाचा असर ओसरला की परत सुरू. त्याआधी, १९८५ मध्ये, साखळीला बांधलेल्या डुकरिणींवर असेच दिसले होते. नॅलोक्सोन दिल्यावर साखळी चावत राहण्याचा चाळा कमी झाला. मग डॉडमन यांच्या गटाने पंजे चाटून चाटून जखम करणाऱ्या कुत्र्यांवरही हेच उपाय केले आणि काहींना गुण आला.

यावरून अनेकांनी असा अर्थ लावला की कोंडलेला प्राणी चाळा करून स्वतःच्याच शरीरातले ओपिऑइड मिळवतो. त्यानंतर चाळा करणाऱ्या घोड्यांच्या रक्तातील एंडॉर्फिन मोजले गेले, तेव्हा आकडे एकमेकांशी जुळले नाहीत. कुठे जास्त, कुठे तेवढेच. रक्तातले प्रमाण मेंदूतले सांगत नाही, ही अडचण आहेच. तरीही हा अर्थ अर्धा जरी खरा असेल, तरी गळ्यातल्या पट्ट्याकडे पाहण्याची नजर बदलावी लागते. चाळा बंद केला, पण घोडा उभा त्याच जागी आहे, मोकळे रान नाही, चरायला गवत नाही, जोडीला दुसरा घोडा नाही. अशा वेळी पट्टा किंवा इंजेक्शन हे उपचार कमी आणि तबेल्याची सोय जास्त ठरतात. चराई वाढवली, चारा थोडा थोडा पण दिवसभर दिला, सोबत दिली तर चाळा लागण्याची शक्यता घटते. ते मात्र खर्चाचे काम आहे.

घोड्यांच्या बाबतीत एक जुनी युक्तीही याच चौकटीत उलगडली. नाल ठोकताना घोडा बिथरला तर त्याच्या वरच्या ओठाला काठी-दोरीचा पीळ देतात आणि तो गप्प उभा राहतो. त्याचे लक्ष दुसरीकडे जाते, असा समज होता. १९८४ मध्ये ‘सायन्स’मध्येच आलेल्या डच संशोधनात पीळ दिल्यावर घोड्याच्या रक्तातील एंडॉर्फिन वाढल्याचे आणि नॅलोक्सोन दिल्यावर पिळाचा परिणाम नाहीसा झाल्याचे दिसले.

जंगलात हे औषध कसे वापरतात आणि ‘उतारा’ आधी का भरतात?

जुन्नर परिसरात बिबट्याला बेशुद्ध केल्याच्या बातम्या मराठी वाचकाला नवीन नाहीत. त्यात सहसा केटामाइन आणि झायलाझिन वापरतात. ती ओपिऑइड नाहीत आणि केटामाइनला खास उतारा नाही. त्याचा अंमल शरीरातून ओसरण्याची वाट पाहावी लागते. दोन टनांच्या गेंड्याबाबत तशी वाट पाहणे परवडत नाही. तो वेडावाकडा पडून राहिला तर स्वतःच्याच वजनाखाली त्याचे स्नायू चेपतात आणि श्वास कोंडतो.

म्हणून १९६०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत एटॉर्फिन आले. अफूच्याच झाडातील थेबेनपासून बनणारे हे औषध मॉर्फिनपेक्षा हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. पांढऱ्या गेंड्याला काही मिलिग्रॅम पुरतात. नाताळ प्रांतातील उम्फोलोझीमध्ये उरलेले गेंडे पकडून दुसऱ्या उद्यानांत हलवण्याची मोहीम त्यामुळेच शक्य झाली. आज जगात जे दक्षिणी पांढरे गेंडे आहेत, ते जवळजवळ सगळे याच भागातल्या गेंड्यांचे वंशज.

एटॉर्फिन लागलेला गेंडा लगेच पडत नाही. आधी पाय उंच उचलून दुडक्या चालीने चालू लागतो, समोरच्या अडथळ्याचे भान सुटते. श्वास धोकादायकरीत्या मंदावतो. अशा वेळी पशुवैद्य ब्युटोर्फॅनॉल देऊन एटॉर्फिनची पकड थोडी सैल करतात. श्वास सुधारतो आणि डोळे बांधलेला, कानांत बोळे घातलेला गेंडा दोरीच्या आधाराने स्वतःच्या पायांनी पेटाऱ्यात चालत जातो. काम झाले की शिरेत नॅलट्रेक्सोन देतात आणि जनावर दोन-तीन मिनिटांत उभे राहते. उतारा औषधाच्या आधी संपला तर मोकळा सोडलेला प्राणी काही तासांनी पुन्हा गुंगीत जातो, कधी नदीकाठी, कधी सिंहांच्या वाटेवर. म्हणून लांब टिकणाऱ्या नॅलट्रेक्सोनला पसंती.

हेच औषध माणसाच्या त्वचेवरच्या ओरखड्यातून आत गेले तरी जीव घेऊ शकते. त्यामुळे गेंड्यावर डार्ट भरण्यापूर्वी पथक एक काम आधी उरकते. माणसासाठीच्या उताऱ्याची सिरिंज भरून ठेवतात आणि एटॉर्फिन हाताळणाऱ्याला अपघात झाला तर ती कोणी टोचायची, हे नावानिशी ठरवतात.